३०० यार्डांच्या पुढे प्रेअरी डॉग सुटतायत, रायफल बदलू का?

पठारवासी:

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून. जूनच्या शेवटच्या आठवड्यात साउथ डाकोटाच्या पश्चिम भागात दोन दिवस प्रेअरी डॉगच्या (माळरानात बिळं करून वस्तीने राहणारं खारीच्या जातीचं जनावर) शिकारीला गेलो होतो. खाजगी रँच, मालकाची परवानगी घेतलेली, लायसन्स काढलेलं. रायफल .२२३ रेमिंग्टन बोल्ट ॲक्शन, जाड बॅरल, ट्विस्ट (नळीतल्या खाचांचा पीळ) ९ इंचाला एक, गोळी ५५ ग्रेन वजनाची प्लॅस्टिकच्या टोकाची, स्कोप ४ ते १६ पट, खाली बायपॉड (दोन पायांचा टेका). झीरो, म्हणजे नेम जुळवलेला, २०० यार्डांवर. निघायच्या आधी रेंजवर १०० यार्डांना तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप पाऊण इंचाचे येत होते त्यामुळे मी एकदम निर्धास्त होतो.

तिकडे २०० पर्यंत दहातले आठ लागले. ३०० च्या पुढे मात्र वाट लागली. वहीत लिहून ठेवलंय, ६१ गोळ्या आणि त्यातल्या १३ लागल्या. वारा सकाळी जवळजवळ नव्हताच, दहाच्या पुढे ताशी साधारण १० मैल, मधेच वाढायचा मधेच पडायचा. मी अंदाजाने थोडा वाऱ्याच्या बाजूला नेम धरत होतो. बरोबरचा मित्र म्हणतो .२२३ मध्ये दमच नाही, जास्त वेगाच्या .२२-२५० काडतुसाची रायफल घे.

चुकलेल्या गोळ्यांचं एवढं काही नाही, पण दोन प्राणी जखमी होऊन सरपटत बिळात गेले आणि ते डोक्यातून जात नाहीये. तिथे बिळात हात घालून काही करताही येत नाही. म्हणून खरंच विचारतोय, दोष रायफलचा की माझा, आणि सुधारायचं तर सुरुवात कुठून करू?

तिसरी_गोळी:

वही ठेवलीत हे फार चांगलं केलंत, बहुतेक लोक फक्त लागलेल्या गोळ्या लक्षात ठेवतात.

पहिली गोष्ट, तीन गोळ्यांच्या ग्रुपवरून रायफलचा स्वभाव ठरवणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं. गोळ्यांचं विखुरणं तेवढंच असलं तरी जितक्या जास्त गोळ्या मारू तितका ग्रुप मोठा होत जातो, हा साधा गणिताचा भाग आहे. तीन गोळ्यांचा सरासरी ग्रुप १ धरला तर त्याच रायफलचा दहा गोळ्यांचा साधारण १.६ येतो. म्हणजे तुमची पाऊण इंचाची रायफल खरं तर १.२ इंचाची आहे, ४०० यार्डांवर तेच पावणेपाच इंच झाले. उभा राहिलेला प्रेअरी डॉग रुंदीला साडेतीन-चार इंच. म्हणजे वारा शून्य, नेम बिनचूक, तरीसुद्धा काही गोळ्या बाजूने जाणारच.

दुसरं, झीरो पण तीन गोळ्यांवरच केलं असणार ना? मग तेही १०० ला अर्धा इंच इकडेतिकडे असू शकतं आणि ४०० ला त्याचे दोन इंच होतात. दहा गोळ्या मारा, मधे बॅरल निवू द्या, घाई करू नका, त्या दहांचा मध्य काढा आणि मग स्कोप हलवा. रायफल नंतर बदलता येईल.

मृगजळ_वाचक:

वरच्याशी पूर्ण सहमत, पण ६१ तल्या ४८ चुकल्या त्याचं मुख्य कारण ग्रुप नाही, वारा आहे. आकडे देतो, पुढच्या वेळी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

.२२३ ची ५५ ग्रेनची गोळी, १० मैलांचा वारा थेट आडवा. ३०० यार्डांवर गोळी साधारण १० ते ११ इंच सरकते. ४०० वर २० इंचांच्या आसपास. म्हणजे सोपा हिशोब, ३०० ला मैलामागे एक इंच आणि ४०० ला मैलामागे दोन इंच. आता जनावर चार इंच रुंद, नेम मधोमध, म्हणजे दोन्ही बाजूंना तुमच्याकडे दोन-दोनच इंच आहेत. ४०० ला वाऱ्याचा अंदाज एका मैलाने चुकला की गोळी कडेला, दोन मैलांनी चुकला की बाहेर. तुम्ही लिहिलंय "साधारण १० मैल, मधेच वाढायचा मधेच पडायचा". त्या "साधारण" मध्येच तुमच्या ४८ गोळ्या गेल्यात. आणि ते दोन जखमी झाले तेही कडेला लागलेलेच, बघा.

दिशा पण बघा. घड्याळासारखं धरायचं, आपण मधे आणि लक्ष्य १२ वर. ३ किंवा ९ वरून येणारा वारा पूर्ण मोजायचा, १, ५, ७, ११ वरून येणारा निम्मा. दीड वाजता म्हणजे बरोबर तिरका असेल तर लोक निम्मा धरतात, तो खरा सत्तर टक्के असतो, तिथे खूप जण फसतात.

वाऱ्याचं यंत्र चांगलंच, जरूर घ्या, पण ते तुमच्या खांद्यापाशीचा वारा सांगतं. मधल्या चारशे यार्डांत काय चाललंय ते मृगजळावरून कळतं. स्पॉटिंग स्कोप (लांबचं बघायची दुर्बीण) लक्ष्याच्या जरा अलीकडे फोकस करा म्हणजे हवेच्या लाटा दिसायला लागतात. सरळ वर उकळताना दिसल्या तर वारा नाही किंवा थेट समोरून अथवा पाठीमागून आहे. तिरक्या झाल्या तर ३-४ मैल. जवळजवळ आडव्या धावायला लागल्या तर ८-१० च्या पुढे, आणि त्याच्यापुढे मात्र मृगजळ फरक सांगत नाही, सगळं सारखंच आडवं दिसतं, मग गवताकडे बघायचं. एक राहिलंच, गोळीला सुरुवातीला मिळालेला धक्का पुढे सगळ्या अंतरभर वाढत जातो म्हणून जवळचा वारा दुर्लक्षायचा नाही, लोक नुसतं लक्ष्यापाशीचं गवत बघत बसतात.

स्विफ्टप्रेमी:

मित्राचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही बरं का. .२२-२५० ही काही उगाच नावाजलेली नाही, .२५० सॅव्हेजच्या काडतुसाची मान आवळून शिकाऱ्यांनी घरी तयार केलेली गोष्ट, १९६५ मध्ये रेमिंग्टनने ती अधिकृत केली. त्याच्या आधी १९३५ ची .२२० स्विफ्ट, ४८ ग्रेनची गोळी सेकंदाला ४,००० फुटांच्या वर. वेग जास्त म्हणजे मार्ग सपाट, अंतराचा अंदाज १५-२० यार्ड चुकला तरी भागून जातं. मी वीस वर्षं वेगवान काडतुसांवरच प्रेम केलंय आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

मृगजळ_वाचक:

@स्विफ्टप्रेमी, उंचीच्या बाबतीत मान्य. पण वाऱ्यात बघा, तीच ५५ ग्रेनची गोळी .२२-२५० मधून ४०० ला २० ऐवजी १६-१७ इंच सरकते. फायदा आहे, पण तीन-साडेतीन इंचांचा, आणि तोही १० मैलांचा अंदाज बरोबर असेल तर. अंदाज ३ मैलांनी चुकला तर .२२-२५० वाला सुद्धा पाच इंच बाहेर.

वारा गोळीला किती सरकवतो हे गोळी किती वेळ हवेत आहे त्यावर ठरत नाही, हवेमुळे तिला किती उशीर झाला त्यावर ठरतं. म्हणजे निर्वात पोकळीत जेवढा वेळ लागला असता आणि प्रत्यक्षात जेवढा लागला त्यातला फरक, गुणिले आडवा वारा. म्हणूनच पॉइंट टूटूच्या (.२२ च्या लहान काडतुसाच्या) मॅचचे लोक आवाजाच्या वेगाखालची काडतुसं वापरतात. वेगवान पॉइंट टूटू आवाजाच्या वेगाजवळ एवढी अडखळते की वाऱ्यात हळू गोळीपेक्षा जास्त सरकते. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता, रेंजवर करून बघितलं तेव्हा बसला. तेव्हा वाऱ्यावर खरा इलाज हवा असेल तर लांब, निमुळती, हवा कापणारी गोळी.

तिसरी_गोळी:

हो, पण इथेच गोची आहे. पठारवासींच्या ९ च्या ट्विस्टमध्ये ६९ ग्रेनची गोळी आरामात स्थिर होते, काही रायफलींत ७५ पण होते. वाऱ्यात ती सरस. पण त्या गोळ्या पेपरसाठी, म्हणजे कागदी लक्ष्यासाठी बनवलेल्या, जमिनीला लागून न फुटता उसळायची भीती जास्त. हलकी, पातळ सालीची व्हार्मिंट (लहान उपद्रवी प्राण्यांसाठीची) गोळी आपटली की चुरा होते आणि सपाट माळरानावर हीच तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. मागे घरं, गुरं, रस्ता काही असेल तर मी वाऱ्यातले चार इंच सोडून देईन पण हलकी गोळी सोडणार नाही. आणि आभाळाच्या रेषेवर उभ्या असलेल्या जनावरावर कधीच नाही, मागे मातीच नाही तर गोळी कुठे थांबणार? साध्या पॉइंट टूटूच्या डब्यावर सुद्धा दीड मैलाचा इशारा छापलेला असतो, .२२३ तर त्याच्या कितीतरी पुढे.

बॅरलचं पण सांगतो. प्रेअरी डॉगच्या वस्तीत हरणासारख्या दोन गोळ्या नसतात, दिवसाला दोनशे होतात. .२२-२५० मध्ये .२२३ पेक्षा साधारण चाळीस टक्के पावडर जास्त जळते, बॅरल लवकर तापतं, लवकर झिजतं. तापलेल्या बॅरलवरूनच हवा उकळायला लागते आणि स्कोपमधलं चित्र नाचतं, ते मृगजळ आणि शेतातलं मृगजळ यात गल्लत होते. जुनी माणसं दोन-तीन रायफली आलटूनपालटून वापरतात ते याच्यासाठी.

नवखा_नेमबाज:

मधेच घुसतोय, माफ करा. मी एच-१बी वर आहे. ऑफिसातले गोरे मित्र वायोमिंगला चल म्हणतायत, रायफल ते देणार. चालेल का?

जुनी_वही:

@नवखा_नेमबाज, असंच उठून जाऊ नका. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायलाच मनाई आहे, स्वतःची असो नाहीतर मित्राची. त्याला अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे कुठल्याही राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स हातात असणं. लायसन्सची मुदत संपली की सूटही संपली. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही. लायसन्स आधी, रायफलला हात नंतर, आणि त्याची प्रत कायम खिशात. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्या, पुढची सगळी वर्षं पणाला लागतात हो.

सुरक्षेचा हंटर एज्युकेशनचा कोर्स पण करून टाका, बऱ्याच राज्यांत लायसन्ससाठी लागतोच.

गवताळ:

मी शिकार करत नाही. पण धागा मनापासून वाचला आणि पठारवासींनी जखमी प्राण्यांबद्दल लिहिलं म्हणून लिहावंसं वाटलं.

तुम्ही ज्या भागात गेलात तिथून जवळच बफेलो गॅप नॅशनल ग्रासलँड आहे आणि त्यात कोनाटा बेसिन. तिथे प्रेअरी डॉगवर गोळी चालवायला बंदी आहे, कारण काळ्या पायांचा फेरेट, मुंगसासारखा दिसणारा लहान शिकारी प्राणी. हा प्राणी जवळजवळ पूर्णपणे प्रेअरी डॉगवर जगतो, त्यांच्याच बिळात राहतो. तो संपला असं लोक धरून चालले होते, मग १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या मीटीत्सीजवळ एका रँचवरच्या कुत्र्याने एक मेलेला फेरेट घरी आणला आणि कळलं की थोडे शिल्लक आहेत. १९८७ पर्यंत शेवटचे १८ पकडून ठेवले, आज जेवढे आहेत ते सगळे त्यांचेच वंशज. बिळातलं घुबड, फेरुजिनस ससाणा, हे पण याच वस्त्यांच्या आधाराने जगतात. १९०० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्को बंदरात प्लेग उतरला, तो पुढे माळरानात शिरला आणि आता एकेक वस्ती काही आठवड्यांत रिकामी करतो, २००८ मध्ये कोनाटा बेसिनपर्यंत पोचला. त्यामुळे "हे तर लाखोंनी आहेत" म्हणताना जरा थांबा. युटा प्रेअरी डॉग तर कायद्याने संरक्षित आहे, त्याला हात लावला तर गुन्हा.

आणखी एक, शिसं. ती चुरा होणारी गोळी तुम्हाला सुरक्षित वाटते, पण मेलेल्या जनावरात तिचे बारीक कण राहतात आणि ते गरुड, ससाणे खातात. माळावर तसंच टाकून आलात तर विष वाटून आल्यासारखं आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून वन्यप्राण्यांच्या शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. तांब्याच्या फुटणाऱ्या गोळ्या मिळतात, निदान तेवढं करा.

स्विफ्टप्रेमी:

गवताळताई, तुमचं फेरेटचं म्हणणं मान्य, मी कोनाटाच्या सीमेचा नकाशा गाडीतच ठेवतो. पण रँचवाल्याची बाजू पण बघा ना, त्याचं पोट गुरांवर आहे आणि वस्ती पसरली की चराईचं गवत जातं. तो विष घालण्यापेक्षा आम्हाला बोलावतो. विषाने बिळातलं बाकीचं पण मरतं. गोळीने निदान ज्याच्यावर नेम धरला तोच मरतो, म्हणजे मरायला पाहिजे.

गवताळ:

"मरायला पाहिजे" ह्यावरच माझा मुद्दा आहे. वर मृगजळ_वाचक यांनीच हिशोब दिला की ४०० ला दोन मैलांची चूक म्हणजे गोळी बाहेर, एका मैलाची म्हणजे कडेला. मग १० मैलांच्या अस्थिर वाऱ्यात ४०० ची गोळी मारायचीच कशाला? पेपरवर मारा, लोखंडी प्लेटवर मारा, हवं तितकं.

जुनी_वही:

ताईंचं बरोबर आहे आणि मी चाळीस वर्षं शिकार करतोय तरी हेच म्हणतो. माझा नियम असा, ज्या अंतरावर त्या वेळच्या वाऱ्यात प्रेअरी डॉगएवढ्या प्लेटवर पहिली गोळी दहातून आठ वेळा लागते, तेच माझं त्या दिवसाचं अंतर. सकाळी सातला ते ४०० असतं, दुपारी एकला २२५ वर येतं. दुपारी मी रायफल बाजूला ठेवतो आणि नुसता वारा वाचत बसतो, वहीत अंदाज लिहितो, मग प्लेटवर गोळी मारून अंदाज किती चुकला ते बघतो. नेमबाजीत मी जे काही शिकलो ते त्या दुपारींत.

पठारवासी, तुमच्यासाठी आणखी चार गोष्टी. काडतुसांच्या डब्यावर छापलेला वेग २४ इंची बॅरलचा असतो, तुमचं बॅरल किती? क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) मोजून घ्या. स्कोपच्या बाजूचा पॅरॅलॅक्सचा (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसतो तो दोष) नॉब ४०० वर फिरवलात का? डोकं किंचित हलवून बघा, स्कोपमधला काटा जनावरावरून सरकला तर तेवढी चूक फुकटची. रायफल एका बाजूला कलली होती का? तीन अंशांचा कल ४०० ला दोनेक इंच बाजूला नेतो, पाणसळीचा छोटा बुडबुडा लावा स्कोपवर. आणि अंतर मोजताना लेझर सपाट जमिनीवर पुढच्या नाहीतर मागच्या गवताला लागतो, बिळाच्या मातीच्या ढिगावर धरून तीन-चारदा मोजा, ४०० च्या आसपास २० यार्डांची चूक म्हणजे चारेक इंच वरखाली.

रायफलमागे पालथं झोपल्यावर डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. काटा जनावरावर नसेल तर हाताने ढकलायचं नाही, अख्खं अंग सरकवायचं.

आणि मेलेल्यांना उघड्या हाताने शिवू नका, पिसवांतून प्लेग येतो. बिळात हात तर नकोच, प्रेअरी रॅटलस्नेक तिथेच पडून असतो.

पठारवासी:

सगळ्यांचे मनापासून आभार. आजच .२२-२५० चा विचार बाजूला ठेवला. क्रोनोग्राफ उसना मिळतोय, सांगतो काय निघालं ते.

पठारवासी:

धागा वर काढतोय, अडीच महिन्यांनी. सांगायला खूप आहे.

दहा गोळ्यांचा ग्रुप १.२५ इंच आला, तिसरी_गोळी यांनी लिहिलं तसाच. मध्य ०.४ इंच उजवीकडे होता, म्हणजे ४०० ला दीड इंच मी आधीच बाहेर होतो. डब्यावर वेग सेकंदाला ३,२४० फूट, माझ्या २० इंची बॅरलमधून ३,०९०. त्यामुळे गोळी किती खाली पडेल ते सांगणाऱ्या ॲपमधलं ४०० चं गणित तीनेक इंच खोटं होतं, गोळ्या खाली का पडत होत्या ते आत्ता कळलं.

मग सहा शनिवार रेंजवर फक्त वारा. यंत्र न बघता आधी अंदाज वहीत लिहायचा, मग यंत्र बघायचं. पहिल्या शनिवारी मी सरासरी ४ मैलांनी चुकत होतो, आणि प्रत्येक वेळी वारा आहे त्यापेक्षा कमीच समजत होतो. सहाव्या शनिवारी दीड मैलावर आलोय. मृगजळ वाचायला वेळ लागला, पहिले दोन शनिवार काहीच दिसत नव्हतं, मग फोकस अलीकडे घ्यायची सवय झाली आणि एकदम दिसायला लागलं, तो क्षण विसरणार नाही.

मागच्या आठवड्यात परत त्याच रँचवर गेलो. तांब्याच्या गोळ्या नेल्या, ९ च्या ट्विस्टमध्ये चांगल्या चालतात, झीरो मात्र नव्याने करावं लागलं. मालकाला विचारून एका टेकाडाला पाठ लावून ५ इंची प्लेट ठेवली, जुनी_वही यांचा नियम लावला. सकाळी नऊपर्यंत ३५० च्या आसपास, दहानंतर २५०, बारानंतर एकही नाही. २५० च्या पुढे ३८ गोळ्या, २९ लागल्या. ३५० च्या पुढे एकही मारली नाही. जखमी होऊन बिळात गेलेला एक होता, २९० वर, पहिल्या दिवशी सकाळी आठ वीसला. वारा डावीकडून ३ मैल धरला होता, गोळी सुटताना ६ झाला असावा. वहीत लाल पेनाने लिहिलंय.

दुपारी टेकाडावर बसलो होतो तर वस्तीत एक बिळातलं घुबड मातीच्या ढिगावर येऊन उभं राहिलं. त्या बाजूचा भाग मी मालकाशी बोलून सोडून दिला, म्हणाला ठीक आहे, तिकडे गुरं तशीही कमीच जातात.

जुनी_वही:

तीन धरून सहा निघाला त्याचं काय दिसत होतं समोर? गवत, मृगजळ, धूळ?

पठारवासी:

मृगजळ नव्हतंच, आठ वीसला ऊन कोवळं होतं. मी गवताकडे बघत होतो, जनावरापाशीच्या. माझ्या पुढे ऐंशी यार्डांवर एक खिंडीसारखी घळ आहे, तिच्यातून वारा येत असावा आणि ती मी बघितलीच नाही.

मृगजळ_वाचक:

तीच. पुढच्या वेळी त्या घळीच्या तोंडाशी काठीला बोटभर रिबीन बांधून ठेवा, मालकाला सांगून.